सहा जण, तीन सायकली आणि व्हँकुव्हरचा समुद्रकाठ

या महिन्यात कॅनडातल्या व्हँकुव्हरला निघालेल्यांची पत्रं एकदम आली. त्या शहरात, वेस्ट एंड भागात मी बरीच वर्षं राहिले आहे. संध्याकाळी समुद्राच्या काठाने सायकल काढणं हा तिथला माझा नेम होता. म्हणून आजचं सदर त्या एकाच शहराला देते आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्या पत्रातला खरा प्रश्न सायकलीचा नाहीच.

प्रश्न : मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. मुलगा आणि सून व्हँकुव्हरजवळ राहतात. आम्ही दोघं जूनअखेर त्यांच्याकडे जातोय. नातू 11 वर्षांचा, नात 5 वर्षांची. मुलाने एक अख्खा दिवस रजा टाकली आहे. सगळे मिळून सायकली भाड्याने घेऊ आणि स्टॅन्ली पार्कला फेरी मारू, असं तो म्हणतो. मी नोकरीभर सायकल चालवली, पण आता सुटून बरीच वर्षं झाली. हिला सायकल येत नाही, गुडघेही दुखतात. ती म्हणते, ‘तुम्ही सगळे जा, मी घरी राहून स्वयंपाक करून ठेवते.’ मला ते बरं वाटत नाही. दिवस कसा आखावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काका, आधी काकूंना सांगा की त्या दिवशी घरी कोणी थांबायचं नाही. इतक्या लांब नातवंडांसाठी जायचं आणि सगळे मिळून बाहेर पडायच्या एका दिवशी पोळ्या लाटत बसायचं, हे चालणार नाही. सायकल न चालवणाऱ्या माणसाला धरूनच हा दिवस आखता येतो, आणि त्या पार्कची रचना नेमकी त्याला सोयीची आहे.

स्टॅन्ली पार्क म्हणजे शहराच्या टोकाला समुद्रात शिरलेलं सुमारे 400 हेक्टरचं जंगल. जवळजवळ सगळीकडून पाणी. पाण्याला लागून दगडी भिंत बांधली आहे. तिला तिथे सगळे सीवॉल म्हणतात. तिच्या माथ्यावरून चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट जाते. पार्कातली फेरी सुमारे 9 किलोमीटरची, आणि जवळजवळ सपाट. वरच्या अंगाला झाडीतून मोटारींचा रस्ता जातो. सीवॉलवर सायकली एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट जातात. वरचा मोटाररस्ताही एकेरी आणि त्याच दिशेचा. म्हणजे तुम्ही खालून आणि काकू वरून निघालात, तरी एकामागून एक त्याच ठिकाणी भेटत राहाल.

म्हणून सायकली तीनच घ्या. एक तुमची, एक नातवाची, आणि तिसरी मुलगा व सून यांच्यात मिळून एक. तिसरीला मागे मुलांचा ट्रेलर जोडून मागा. भाड्याच्या दुकानांत तो मिळतो. नात त्यात बसेल, कंटाळली की आजीकडे गाडीत जाईल. पहिला अर्धा टप्पा मुलगा सायकलवर आणि सून गाडीत काकूंबरोबर, पुढच्या अर्ध्यात उलट. सीटची उंची हाताने खालीवर करता येते ना, एवढं दुकानातच बघून घ्या. अशाने काकूंना दिवसभर सोबत राहते, आणि सुनेच्या वाट्याला नुसतं गाडी हाकणं येत नाही. अशा सहलीत हे एरवी सगळ्यांच्या नजरेतून निसटतं.

डेन्मन आणि जॉर्जिया या रस्त्यांच्या आसपास, पार्कच्या तोंडाशीच, भाड्याच्या सायकलींची दुकानं आहेत. सकाळी नऊच्या सुमाराला पोचा. जूनमध्ये दुपारी, विशेषतः शनिवार-रविवारी, सीवॉलवर चांगलीच गर्दी असते. हेल्मेट सायकलीबरोबर मिळतं, आणि ते घालावंच लागतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1996 पासून लहानथोर सगळ्यांना तो कायदा आहे.

आता तुमच्या हाताखालचा विषय. आपल्याकडच्या सायकलीत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. तिकडे उलट, डावा हात पुढचं चाक धरतो, उजवा मागचं. तुमच्या हाताला जन्माची सवय आहे. घाईच्या क्षणी डोकं मध्ये येत नाही, हातच काम करतो, आणि डावा ब्रेक कचकन दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊ शकतो. दुकानाबाहेर सायकल उभी करा, पुढचं चाक उचलून फिरवा आणि एकेक ब्रेक दाबून बघा, वर्कशॉपमध्ये बघायचात तसं. मग मोकळ्या जागेत हळू चालवून नुसतं थांबायचा सराव करा. काही सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. तसली सायकल घेऊ नका. आपल्याला थांबताना पेडल मागे फिरवायची सवय असते, आणि ते फिरवताच गाडी अडकते. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. वेग कमी होईल, होऊ दे.

सायकली ताब्यात घेण्याआधी एक करा. सगळे सहा जण चालत कोल हार्बरच्या काठाने शहराच्या बाजूला जा. काकूंना जमेल असा सपाट रस्ता आहे, मधे बसायला बाकं आहेत. तिथे हार्बर ग्रीन पार्कमध्ये कोमागाटा मारूचं स्मारक आहे. 23 मे 1914 ला या नावाचं जपानी जहाज 376 प्रवासी घेऊन याच खाडीत आलं. बहुतेक पंजाबचे शीख, थोडे मुसलमान आणि हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातला. पण जन्माच्या देशातून कुठेही न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचं, असा नियम कॅनडाने 1908 मध्ये करून ठेवला होता, आणि भारतातून अशी थेट बोटसेवाच नव्हती. मोजके लोक सोडले तर कोणाला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. दोन महिने जहाज समोर नांगरून होतं. अन्नपाण्याचे हाल झाले. काठावरच्या भारतीयांनी पैसे गोळा केले, कोर्टात लढले, हरले. 23 जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवलं. कोलकात्याजवळ बजबज इथे ते लागलं तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि प्रवाशांतले बरेच जण मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या सगळ्याबद्दल माफी मागितली ती 18 मे 2016 ला.

तुमचा नातू तिकडच्या शाळेत शिकतोय. जिथून त्याचं विमान सहज ये-जा करतं, तिथे शंभर वर्षांपूर्वी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांना पाण्यावर अडवून ठेवलं होतं, हे त्याला आजोबांच्या तोंडून कळू दे. बंदर समोर दिसत असताना सांगितलेलं त्याच्या लक्षात राहील. तिथे फार वेळ जाणार नाही, पण ते टाळू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मग सायकली. निघाल्यावर डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला होड्यांचा तळ आणि त्यापलीकडे शहराच्या काचेच्या इमारती. वाटेच्या दोन पट्ट्या आहेत. पाण्याकडची चालणाऱ्यांची, आतली सायकलींची. काही ठिकाणी ‘उतरून चाला’ अशी पाटी लागते, तिथे खरंच उतरायचं. थोड्या अंतरावर एक तोफ दिसेल. 1816 मध्ये इंग्लंडात ओतलेली ही तोफ रोज रात्री नऊला उडते. बंदरातल्या जहाजांना त्यावरून घड्याळं लावता यायची. नातवाला हेही सांगा की 1969 मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ही तोफच पळवली आणि मुलांच्या हॉस्पिटलसाठी देणगी मागून मग परत केली.

पहिला मुक्काम ब्रॉक्टन पॉइंटचे, तिथल्या मूळ रहिवाशांचे टोटेम खांब. गाडीतळ जवळच आहे, काकूंना फार चालावं लागणार नाही. लाकडात कोरलेले गरुड, अस्वलं, देवमासे. मुलांना एकेक प्राणी ओळखायला लावा. पण बहुतेक प्रवासी फोटो काढून निघून जातात, आणि एक गोष्ट त्यांच्या कानावर येतच नाही. सुरुवातीचे खांब 1920च्या दशकात दूर उत्तरेकडच्या अलर्ट बे या बेटावरच्या वस्तीतून विकत आणले होते. ज्यांची ही भूमी, ते मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेवाटुथ लोक मात्र याच पार्कातून हटवले जात होते. पुढे लंबरमन्स आर्च या लाकडी कमानीजवळ जी हिरवळ लागेल, तिथे त्यांचं गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे मोठे थर तिथे साचले होते. 1888 मध्ये पार्कभोवती रस्ता केला तेव्हा ते थर खणून तेच शिंपले रस्त्यावर पसरले. काकूंची गाडी त्याच मार्गाने जाईल.

खांबांजवळच्या तीन कोरीव कमानी 2008 च्या, मस्क्विअम कलावती सुझन पॉइंट यांच्या. आणि 2009 चा एक खांब रॉबर्ट येल्टन यांनी आपल्या आईसाठी कोरला. ब्रॉक्टन पॉइंटवर घर असलेल्या शेवटच्या काही माणसांपैकी ती एक. सगळ्या खांबांत मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. काकूंना तो नक्की दाखवा.

लंबरमन्स आर्चला अदलाबदल करा. उन्हाळ्यात इथे मुलांसाठी पाण्याचे फवारे असतात. नात भिजणारच, कपड्यांचा जोड गाडीत ठेवा. आणि एक सूचना अगदी ठळक करून लिहिते. इथून निघण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, लागली नसली तरी. पुढे पुलाखालून वळसा घातला की थर्ड बीचपर्यंत एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मधे स्वच्छतागृह नाही, मोटाररस्ता उंच वर राहतो, आणि वाट एकेरी असल्याने मागे फिरता येत नाही. लहान मुलं आणि साठीपुढची माणसं, दोघांनाही हे आधी माहीत असावं. जाकिटंही इथेच अंगात घाला. टोकाला वारा लागतो, आणि तो भर जूनमध्येही अंगात शिरतो.

हाच टप्पा सगळ्यात देखणा आहे. डोक्यावर लायन्स गेट पूल, 1938 चा, पाण्यापासून साठेक मीटर उंच. खालून मोठाली मालवाहू जहाजं जातात. त्यांच्या लाटांनी मऊ दगडाचा हा काठ झिजत होता, म्हणून 1917 पासून भिंत बांधायला घेतली. बेकारीच्या काळात कामाला हात हवेत म्हणून शेकडो माणसं या कामावर लावली गेली. थांबा आणि दगड बघा, काका. ग्रॅनाइटचे ठोकळे, एकेक हाताने घडवून बसवलेला. काही दगड शहरातल्या ट्रामचे रूळ काढल्यावर निघालेले आहेत. जेम्स कनिंगहॅम नावाचा स्कॉटलंडचा गवंडी 1931 पासून या कामाचा मुकादम होता. ओहोटी असेल तेवढाच वेळ खालचे थर लावता येत, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघून कामाची वेळ ठरायची. निवृत्त झाल्यावरही तो भिंत बघायला येत राहिला. 1963 मध्ये तो गेला. पार्कभोवतीची फेरी 1971 मध्ये पुरी झाली. सिवॉश रॉक नावाचा एकटा सुळका समुद्रात उभा दिसेल, त्याच्याजवळ कनिंगहॅमच्या नावाची पाटी आहे. पुलावर, पार्कवर मोठ्या माणसांची नावं असतातच. गवंड्याच्या नावाची पाटी मी फार ठिकाणी पाहिलेली नाही, आणि हातात पाना घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाने तिच्यासमोर दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

त्या सुळक्याची स्क्वामिश लोकांची कथा नातीला सांगता येईल. एका तरुणाला मूल होणार होतं. ते निर्मळ आयुष्यात यावं म्हणून तो समुद्रात पोहून स्वतःला शुद्ध करत होता. देवांची होडी आली, त्यांनी वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं, पण तो पोहायचा थांबला नाही. त्याच्या निष्ठेसाठी देवांनी त्याला तिथेच दगड करून कायमचं उभं ठेवलं.

तोवर काकू वर प्रॉस्पेक्ट पॉइंटला थांबलेल्या असतील. तिथून पूल आणि पलीकडचे डोंगर समोर दिसतात. खालून सायकलवाल्यांना दिसत नाही असा देखावा तो. मग सगळे थर्ड बीचला भेटा. वरच्या गाडीतळापासून वाळूपर्यंत उतार आहे, काकूंनी हात धरून सावकाश उतरावं, किंवा वरच बाकावर बसावं. व्हँकुव्हरच्या किनाऱ्यांवर लाकडाचे मोठे ओंडके रांगेने मांडलेले असतात, पाठ टेकायला. माझी आई आली होती तेव्हा तिलाही सायकल येत नव्हती. ती थर्ड बीचवर अशाच एका ओंडक्याला टेकून बसली, शेजारच्या चिनी आजींशी खुणांनी बोलत राहिली, आणि आम्ही खालून पोचलो तेव्हा दोघींनी डबे उघडून एकमेकींना काय काय दिलंही होतं. आमच्यापेक्षा तिचा दिवस कणभरही कमी नव्हता. जेवण इथेच घ्या. उन्हाळ्यात तिथली मोठी ओहोटी दिवसा असते. पाणी मागे गेलं असेल तर खडकांवर जांभळे तारामासे दिसू शकतात. बघायचे, उचलायचे नाहीत. आणि खारी, रॅकून, बदकं कितीही जवळ आले तरी त्यांना खायला घालू नका. तिथे त्याला दंड आहे आणि कारणही आहे. माणसांच्या खाण्याला सोकावलेल्या कोयोटींनी (कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) 2021 मध्ये या पार्कात बऱ्याच जणांना चावे घेतले होते.

सेकंड बीचनंतर लॉस्ट लगून या तळ्याच्या कडेने सायकली दुकानाकडे परत नेता येतात, मोटारींत घुसावं लागत नाही. सायकली दिल्या की सगळे मिळून इंग्लिश बेवर या. टेनिस कोर्टांजवळच्या झाडांवर निळ्या बगळ्यांची वसाहत आहे. जूनमध्ये घरटी पिल्लांनी भरलेली असतात. झाडाखाली मात्र उभं राहू नका. जवळच यू मिंजुन या चिनी कलाकाराने केलेले 14 ब्राँझचे हसरे पुतळे आहेत, माणसापेक्षा मोठे, प्रत्येकाचं हसण्याचं सोंग वेगळं. नात एकेकाची नक्कल करत बसेल. रस्त्यापलीकडे जो फोर्टिस यांच्या स्मरणार्थ पाणी प्यायचं कारंजं आहे. कॅरिबियनमधून आलेला हा कृष्णवर्णीय खलाशी इथे जीवरक्षक झाला, गावातल्या मुलांना त्याने पोहायला शिकवलं. 1922 मध्ये तो गेला. लहान मुलांचं त्याच्यावर प्रेम होतं, एवढंच त्या कारंज्यावर कोरलंय.

जूनअखेर सूर्य नऊनंतर मावळतो, तेव्हा संध्याकाळ भरपूर हाताशी असते. तिच्यात आणखी ठिकाणं कोंबू नका. ज्याला झोप येईल त्याने वाळूत झोपावं.

प्रश्न : मी 43 वर्षांची, सायकल नुकतीच शिकले. बहिणीकडे व्हँकुव्हरला जाणार आहे. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्याची धास्ती वाटते. सीवॉलवर जमेल का? आणि सलवार-कमीजमध्ये चालवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. नवशिक्यांसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण समोरून कोणी येतच नाही. पार्कातल्या फेरीत मोटार नाही, चौक नाही, सिग्नल नाही. तुमची धास्ती खरी आहे ती दुकान ते पार्क या थोड्या अंतराबद्दल. तेवढं अंतर सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत जा. कोणी वेडंवाकडं बघणार नाही.

सीवॉलवर उजवीकडे राहा. मागून कोणी ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणालं की डावीकडून पुढे जातोय असा त्याचा अर्थ; तुम्ही दचकून वळू नका, होता तशीच सरळ चला. नव्या माणसाला आवाजाच्या दिशेला बघायची सवय असते आणि बघितलं की हँडल तिकडेच वळतं. बहिणीबरोबर मोकळ्या मैदानात याचाच सराव करा; ती मागून हाक मारेल, तुम्ही न बघता सरळ जायचं. थांबायचं असेल तर वाटेतून पूर्ण बाजूला होऊन थांबा, फोटोसाठी तर नक्कीच.

सलवार चालेल, पण उजव्या पायाचा घोळ घोट्याशी रबराने बांधा किंवा मोज्यात खोचा. ओढणी पिशवीत. ती मागच्या चाकात गेली तर सुटेपर्यंत गळ्याला फास बसतो, म्हणून याबाबतीत माझं ऐकाच. ब्रेकविषयी वरच्या पत्रात लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, पण तुम्ही नव्याने शिकलात, तुमचा हात अजून एका सवयीला पक्का झालेला नाही. तुम्हाला सोपं जाईल.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं 9 आणि 14. व्हँकुव्हरला दोनच दिवस आहेत. झुलता पूल, व्हिसलर, स्टॅन्ली पार्क, ग्रॅनव्हिल आयलंड, गॅसटाउनचं वाफेचं घड्याळ, सायन्स वर्ल्ड अशी यादी केली आहे. सायकलला अर्धा दिवस पुरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुरेल, पण व्हिसलर यादीतून काढा. जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो आणि दोन दिवसांच्या मुक्कामात ते मुलांवर अन्याय करणारं आहे. एक दिवस स्टॅन्ली पार्कला द्या, दुसरा फॉल्स क्रीकला. ही शहराच्या मध्यात शिरलेली खाडी. शंभर वर्षांपूर्वी तिच्या काठावर लाकडाच्या गिरण्या आणि कारखाने होते. 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उत्तरेचा काठ मोकळा झाला. सायन्स वर्ल्डचा चकाकता घुमट त्या प्रदर्शनातलाच. खाडीभोवती सायकलची सलग वाट आहे. 14 वर्षांच्या मुलाला ती आवडेल, कारण दर वळणावर काहीतरी नवं दिसतं. ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार 1979 चा, जुन्या कारखान्यांच्या शेडमधे भरलेला. शेजारी सिमेंट काँक्रीटचा कारखाना अजून चालू आहे आणि त्याच्या उंच टाक्यांवर राक्षसांची चित्रं रंगवली आहेत. 9 वर्षांच्याला तीच सगळ्यात जास्त आवडतील. परत येताना छोट्या बोटीने खाडी ओलांडा.

हे सगळे काठ चालायला मोकळे राहिले, कारण 1960 च्या दशकात शहरातून आणि बंदराच्या काठाने मोठा मोटारमार्ग नेण्याचा बेत होता आणि चायनाटाउन-स्ट्रॅथकोनाच्या रहिवाशांनी विरोध करून तो हाणून पाडला. गॅसटाउनला गेलात तर वाफेच्या घड्याळाच्या पलीकडे थोडं चाला, म्हणजे ते जुने मोहल्ले दिसतील. घड्याळ 1977 चं आहे, वाटतं तितकं जुनं नाही.

प्रश्न : मी व्हँकुव्हरला शिकते. आई-बाबा नोव्हेंबरमध्ये येताहेत, कारण तेव्हाच तिकिटं स्वस्त मिळाली. त्यांना सीवॉलवर सायकलने न्यायची फार इच्छा आहे. नेऊ का?
— एक विद्यार्थिनी, मूळची कोल्हापूरची

उत्तर : नोव्हेंबर तिथला सगळ्यात पावसाळी महिना, संध्याकाळी लवकरच अंधारतं, ओल्या पानांवरून चाक घसरतं. वादळी हवेत समुद्राचं पाणी भिंतीवरून आत येतं, आणि कडा साफ करायला पुलाच्या पुढचा टप्पा अधूनमधून बंदही ठेवतात. कोरडी सकाळ मिळाली तर कोल हार्बरपासून टोटेम खांबांपर्यंत चालत न्या, तेवढं पुष्कळ आहे. पावसाच्या दिवशी सीबस नावाच्या बोटीने पलीकडच्या लॉन्सडेल की या धक्क्याला जा. बारा मिनिटांत बंदर ओलांडता येतं, आणि ढगांत अर्धे बुडालेले डोंगर बोटीच्या काचेतून बघायला बाबांना आवडतील. विद्यापीठातलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय आईबाबांना दाखवच. आर्थर एरिक्सन यांनी बांधलेल्या त्या उंच काचेच्या दालनात जुने मूळ खांब आहेत, आणि आत ऊबही असते. आईला मऊ तळव्याचे पण पाणी न शिरणारे बूट तिकडे पोचल्यावर पहिल्याच दिवशी घेऊन दे. इथून नेलेले उपयोगाचे नाहीत.